दुकान, ऑफिस, गोडाऊनचा मिळकत कर ठरतो कसा? पुण्यातल्या व्यावसायिकांसाठी टप्प्याटप्प्याने

मिळकत कराचं बिल हातात पडलं की बहुतेक दुकानदार आधी एकूण रक्कम बघतात आणि मग टक्केवारीवर चडफडतात. सफाई कर इतका कशाला? शिक्षण कर दोनदा का? या प्रश्नांना क्षेत्रीय कार्यालयात कोणीही उत्तर देणार नाही, कारण ती टक्केवारी तिथे ठरतच नाही. महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि ते सगळ्या शहराला लागू होतात. तुमच्या एकट्याच्या गाळ्यापुरती बदलू शकते ती गोष्ट वेगळी आहे. बिलावर ‘वार्षिक करपात्र रक्कम’ असा एक आकडा छापलेला असतो. ऑफिसात त्याला सगळे ए.आर.व्ही. (अॅन्युअल रेटेबल व्हॅल्यू) म्हणतात. सगळी टक्केवारी याच आकड्यावर चालते. तो चुकला की खालची प्रत्येक ओळ चुकते, तीही दरवर्षी. हा आकडा कसा तयार होतो आणि कुठे तपासायचा, ते इथे सांगतो.

पहिला टप्पा: तुमचा कर घेणारं कार्यालय नेमकं कोणतं?

हे विचारणं बाळबोध वाटेल, पण पुण्यात हाच घोळ जास्त होतो. पत्त्यावर ‘पुणे’ लिहिलं म्हणजे मिळकत पुणे महापालिकेत असतेच असं नाही. एमजी रोड आणि ईस्ट स्ट्रीटवरची दुकानं पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डात येतात, खडकी बाजार खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये. तिथली आकारणी छावणी अधिनियम, २००६ नुसार होते. वाकड, भोसरी, चिंचवड, निगडी इथे पिंपरी-चिंचवड महापालिका कर घेते. तिचा मूळ कायदा पुण्याचाच असला तरी दर, सवलती, पोर्टल सगळं स्वतंत्र आहे. हिंजवडीत ग्रामपंचायतीचा कर असतो, आणि २०१५ च्या नियमबदलानंतर ग्रामपंचायती इमारतीच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे तिच्या किमतीवर, आकारणी करतात. म्हणजे गणिताचा पायाच निराळा.

महापालिकेत नव्याने आलेल्या गावांची तऱ्हा अजून वेगळी. २०१७ मध्ये धायरी, उंड्री, शिवणे, दोन्ही आंबेगाव अशी ११ गावं आली आणि २०२१ मध्ये वाघोली, सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी बुद्रुक यांच्यासह २३. अशा गावांत पालिकेचा पूर्ण दर पहिल्या दिवसापासून लावायचा नसतो. सुरुवातीला ग्रामपंचायतीचा दर आणि मग दरवर्षी २० टक्क्यांच्या टप्प्याने वाढ, अशी कायद्यातच तरतूद आहे. या गावांतल्या वसुलीबाबत शासनाचे आदेशही अधूनमधून येत असतात. त्यामुळे तुमचं गोडाऊन वाघोलीत असेल तर कोथरूडच्या मित्राच्या बिलाशी तुलना करून काही हाती लागणार नाही.

मुंबईत नातेवाईक असतील तर आणखी एक लक्षात ठेवा. तिथे २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे, रेडी रेकनरशी (सरकारी बाजारभावाच्या तक्त्याशी) जोडलेली. पुणे महापालिका अजून भाडेमूल्यावरच आकारणी करते. ‘मुंबईत असं असतं’ हा मुद्दा इथल्या सुनावणीत चालत नाही. पुढचं सगळं विवेचन पुणे महापालिकेच्या हद्दीपुरतं आहे.

दुसरा टप्पा: बिलावर थांबू नका, आकारणीचा उतारा काढा

पोर्टलवर विभाग, पेठ आणि खाते क्रमांक टाकला की बिल दिसतं. थकबाकी आणि पावत्याही दिसतात. पण करपात्र रक्कम कशी आली, हे बिलावरून पुरतं कळत नाही. त्यासाठी करआकारणी व करसंकलन विभागात अर्ज करून आकारणी पुस्तकातला उतारा मागा. खातं ज्या पेठेचं असेल त्या पेठ निरीक्षकाकडे तुमची फाईल असते.

उताऱ्यात पाच गोष्टी बघायच्या: नाव, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वापर आणि आकारणी कोणत्या तारखेपासून लागू झाली ती तारीख. शेजारी खरेदीखत, मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र ठेवून ताडा. गाळा जुना असेल तर नाव दोन मालकांपूर्वीचं निघतं आणि कराची नोटीस कुठल्या तरी भलत्याच पत्त्यावर जात राहते. मुदतीत हरकत न घेतल्याची निम्मी प्रकरणं इथूनच सुरू होतात, असं मला वाटतं.

तिसरा टप्पा: करपात्र रक्कम म्हणजे काय?

कायदा विचारतो तो प्रश्न साधा आहे: ही जागा वर्षाच्या बोलीने वाजवीरीत्या किती भाड्याने जाईल? तुम्ही प्रत्यक्षात भाड्याने दिली आहे की स्वतः गल्ल्यावर बसता, याने हा प्रश्न बदलत नाही. त्या वाजवी वार्षिक भाड्यातून दुरुस्तीखर्चापोटी १० टक्के वजा करायचे. उरते ती करपात्र रक्कम. ही १० टक्क्यांची वजावट नियमातच आहे, त्यासाठी दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत.

प्रत्येक दुकानात बसून वाजवी भाडं ठरवणं शक्य नाही, म्हणून पालिका भागानुसार दरमहा दर चौरस फुटाचे दर ठरवून ठेवते. आरसीसी, लोड बेअरिंग, पत्र्याचं शेड असे प्रकार वेगळे, निवासी आणि बिगरनिवासी दर वेगळे. क्षेत्रफळ गुणिले दर गुणिले १२, वजा १० टक्के. झालं.

यात वादाच्या तीन जागा आहेत: क्षेत्रफळ, दर आणि वापर. त्यांतलं क्षेत्रफळ सर्वांत दुर्लक्षित, पण चूक सापडली तर सर्वांत लवकर दुरुस्त होणारं.

चौथा टप्पा: क्षेत्रफळ स्वतः मोजा

बिल्डरने विकलेलं ‘सेलेबल’ क्षेत्र आणि तुमच्या ताब्यातलं क्षेत्र यांत तफावत असते, हे गाळा घेताना कळलेलं असतंच. तोच सेलेबल आकडा आकारणी रजिस्टरात गेला असेल तर जिना, लॉबी आणि पॅसेजच्या वाट्याचाही कर तुम्ही गाळ्याच्या दराने भरत असता. उताऱ्यातला आकडा कार्पेट आहे, बांधीव आहे की सेलेबल, हे पहिल्यांदा विचारा आणि तो मंजूर नकाशाशी जुळवा.

पोटमाळ्यावरून तर हमखास जुंपते. मोजणीच्या वेळी हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की तोंडपाठ झालाय. निरीक्षक शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत माप घेतात, रुंदी घेतात आणि मग वर बघतात.

“हा माळा कधी केला?”

“साहेब, ती काय दुकानाची जागा नाही. नुसते खोके ठेवतो वर.”

“खोके ठेवता म्हणजे वापर आहेच की, काका. शिडी लावा, वर जाऊन बघू.”

वर गेल्यावर तिथे ट्यूबलाइट, पंखा आणि बिलिंगचं टेबल असेल तर वाद तिथेच संपतो. पण उंची जेमतेम चार फूट असेल, उभं राहता येत नसेल, जायला कायमचा जिना नसेल, तर ती जागा तळमजल्याच्या दराने धरू नये हे म्हणणं रास्त आहे आणि ते लेखी मांडायला हवं. मोजणी चालू असताना तुम्ही किंवा तुमचा माणूस हजर राहा. मापं आपल्याही कागदावर उतरवा, माळ्याची उंची टेप लावून त्याचा फोटो काढा. सही मागितली तर कागद वाचून करा, आणि पटत नसेल तर ‘पोटमाळ्याच्या मापाला हरकत राखून’ असं सहीखालीच लिहा. नंतर सुनावणीत या एका ओळीचा फार उपयोग होतो.

यंत्रसामग्रीबद्दलही विचारणा होते. वर्कशॉपमधल्या लेथ, कॉम्प्रेसर किंवा पिठाच्या चक्कीची किंमत करपात्र रकमेत धरायची नसते. कर जागेवर आहे.

पाचवा टप्पा: वापर कोणता लावलाय?

निवासी आणि बिगरनिवासी यांतला फरक मोठा आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात करपात्र रकमेत ४० टक्के सवलत मिळते. ती मिळवण्यासाठी पीटी-३ हा अर्ज भरावा लागतो, हे गेल्या काही वर्षांत घरोघरी माहीत झालं. दुकान किंवा ऑफिसला ही सवलत नाही, मालक स्वतः तिथे दिवसभर बसला तरी नाही.

मिश्र वापर असेल तर नीट बघा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड असतं, सहकारनगरच्या बंगल्यात तळमजल्यावर क्लिनिक आणि वर घर. अशा ठिकाणी आकारणी भागशः व्हायला हवी, प्रत्येक भाग त्याच्या वापराच्या दराने. एका खोलीत क्लास सुरू झाला म्हणून अख्खा बंगला बिगरनिवासी केलेला मी पाहिलाय. उलटही पाहिलंय: सगळं घर ऑफिस झालं, शॉप अॅक्ट त्या पत्त्यावर निघाला, जीएसटी नोंदणी तिथलीच, आणि मिळकत मात्र निवासी म्हणून ४० टक्के सवलत खातेय. हे उघड झालं की फरकाची रक्कम मागच्या वर्षांसाठीही मागितली जाते. आकारणीतून सुटलेल्या करासाठी ६ वर्षांपर्यंत मागे जाता येतं. दरमहा थोडं वाचवून शेवटी एकरकमी भरायचं, तेही निरीक्षकाच्या मर्जीच्या वेळी, हा व्यवहार मला कधी पटला नाही.

हॉटेलवाल्यांनी मोकळ्या जागेकडे खास लक्ष द्यावं. फ्रंट मार्जिनमध्ये टेबलं मांडली, साइड मार्जिनला पत्रे टाकले, गच्चीवर रूफटॉप सुरू केलं, की ती जागाही बिगरनिवासी वापरात मोजली जाते. शिवाय बांधकामाला परवानगी नसेल तर शास्ती, म्हणजे दंड. अनधिकृत बांधकामावर मिळकत कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद आहे. मूळ कर एकपट आणि शास्ती दुप्पट, म्हणून पुण्यात सगळे याला ‘तीनपट टॅक्स’ म्हणतात. हा तीनपट कर भरून बांधकाम अधिकृत होतं, अशी एक ठाम समजूत बाजारात आहे. होत नाही. कराच्या पावतीला बांधकाम परवानगीचं मोल नसतं, आणि अतिक्रमणाची कारवाई त्या पावतीने थांबत नाही.

सहावा टप्पा: टक्केवारी लावा

करपात्र रक्कम पक्की झाली की खालच्या ओळी वाचा. पालिकेची शीर्षं असतात: सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, पथकर, शिक्षण कर, वृक्ष कर वगैरे. जललाभ कर आणि नळाचं मीटरचं बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यावसायिक नळजोडाला मीटर असेल तर वापरलेल्या पाण्याचं बिल स्वतंत्र येतं.

यांशिवाय दोन रकमा पालिका राज्य सरकारसाठी गोळा करते: राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर. दोन्ही १९६२ च्या कायद्याखाली. शिक्षण कर बिलात दोनदा दिसतो तो यामुळे, एक पालिकेचा आणि एक राज्याचा. राज्याच्या शिक्षण कराचे टप्पे आहेत आणि बिगरनिवासी जागेला निवासीच्या दुप्पट दर लागतो. वार्षिक मूल्य ६,००० रुपयांच्या वर गेलं की निवासीला ६ टक्के, बिगरनिवासीला १२ टक्के. रोजगार हमी उपकर फक्त बिगरनिवासी जागांना आहे आणि त्याच वरच्या टप्प्यात ३ टक्के. आजच्या भाड्यांत ६,००० चा टप्पा कुठलीही टपरी ओलांडते, त्यामुळे हे १५ टक्के तुम्हाला लागणार असंच धरून चाला.

सातवा टप्पा: एक गणित पूर्ण करून बघू

कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत ४०० चौरस फुटांचा गाळा आहे. दर दरमहा ३० रुपये चौरस फूट आणि पालिकेच्या सगळ्या शीर्षांची बेरीज ७० टक्के, असं गणितापुरतं मानू. तुम्ही स्वतःच्या बिलावरचे आकडे घाला.

महिन्याचं भाडं १२,०००. वर्षाचं १,४४,०००. त्यातून १० टक्के, म्हणजे १४,४०० गेले. करपात्र रक्कम १,२९,६००. पालिकेचे ७० टक्के ९०,७२०. राज्याचा शिक्षण कर १२ टक्क्यांनी १५,५५२, रोजगार हमी ३ टक्क्यांनी ३,८८८. एकूण १,१०,१६०.

आता क्षेत्रफळाच्या रकान्यात ४०० ऐवजी बिल्डरचे सेलेबल ४८० लागलेत असं समजा. बाकी सगळं तेच. करपात्र रक्कम १,५५,५२० होते आणि कर १,३२,१९२. वर्षाला २२,०३२ रुपये जास्त, आणि कोणी लक्ष घातलं नाही तर हे पुढची सगळी वर्षं. त्यातच १५० फुटांचा पोटमाळा पूर्ण दराने धरला तर त्याचे आणखी ४१,३१० होतात. सफाई कराच्या टक्क्यावर वाद घालण्यापेक्षा टेप घेऊन अर्धा तास घालवलेला परवडतो तो असा.

आठवा टप्पा: जागा भाड्याने दिली असेल तर

हा सगळ्यांत खर्चिक भाग. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत असतो, आणि मालकाकडून किंवा भोगवटादाराकडून (जागा वापरणाऱ्याकडून) माहिती मागवण्याचा, जागेची पाहणी करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. करार समोर आला की त्यातलं भाडं हेच वाजवी भाडं, असं धरून आकारणी वाढवली जाऊ शकते.

इथे कराराचा मसुदा कामाला येतो. बाणेरमध्ये एक ऑफिस दरमहा ४५,००० ला दिलं आणि करारात एकच आकडा लिहिला, ‘सर्व समावेशक’. प्रत्यक्षात त्यात ९,००० फर्निचर आणि एसीचे, ६,००० सोसायटी मेंटेनन्सचे, जागेचे ३०,०००. वरचीच टक्केवारी धरली तर ४५,००० वर वर्षाचा कर ४,१३,१०० होतो आणि ३०,००० वर २,७५,४००. फरक १,३७,७०० रुपयांचा. आकारणी जागेच्या भाड्यावर व्हावी, खुर्च्या-टेबलांच्या भाड्यावर नाही, ही हरकत घेता येते. पण ती टिकण्यासाठी रकमा करारातच वेगळ्या लिहिलेल्या हव्यात, फर्निचरची यादी जोडलेली हवी आणि मेंटेनन्सच्या पावत्या हव्यात. कागदावर भाडं १०,००० आणि ‘सुविधा’ ३५,००० असला अचाट करार केलात तर सुनावणीत हसं होईल.

कर कोणी भरायचा? जागा भाड्याने दिली असेल तर पालिकेच्या दृष्टीने पहिली जबाबदारी मालकाची. करारात ‘टॅक्स भाडेकरू भरेल’ असं लिहिलं तरी तो तुमच्या दोघांतला हिशोब. मालकाने थकवलं तर पालिका भोगवटादाराकडेही, त्याच्याकडून येणं असलेल्या भाड्याच्या मर्यादेत, वळू शकते. आणि थकबाकीपोटी सील लागतं ते दुकानाच्या शटरला, ज्याच्या आत भाडेकरूचा माल असतो. म्हणून भाड्याने जागा घेणाऱ्याने करारावर सही करण्याआधी पोर्टलवर थकबाकी बघावी. मिळकत कर हा त्या जागेवरचा पहिला बोजा असतो.

पेठांमधल्या जुन्या, भाडे नियंत्रणाखालच्या गाळ्यांची बाजू वेगळी आहे. बुधवार पेठेत शेजारच्या नव्या इमारतीत जो भाव चालतो तो पागडीच्या गाळ्याला लावता येतो का? सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलतराय कपूर प्रकरणात, दिल्लीच्या कायद्यासंदर्भात, म्हटलं की भाडे नियंत्रण लागू असलेल्या इमारतीचं करपात्र मूल्य प्रमाण भाड्यापेक्षा (भाडे नियंत्रण कायद्याने ठरणाऱ्या भाड्यापेक्षा) जास्त धरता येत नाही, कारण मालकाला त्याहून जास्त भाडं कायद्यानेच मिळू शकत नाही. पण भाडेकरू बँक असेल, सार्वजनिक उपक्रम असेल किंवा १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेली कंपनी असेल, तर महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाच त्या जागेला लागू नाही. मग हा बचावही नाही. असं प्रकरण असेल तर वकिलाला गाठा, लेख वाचून लढवायची ही केस नव्हे.

नववा टप्पा: विशेष नोटीस आली की घड्याळ सुरू

नवी आकारणी किंवा वाढ करायची असेल तर पालिकेने विशेष नोटीस द्यावी लागते. हरकतीची मुदत नोटिशीवरच छापलेली असते. नोटीस मिळाली त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला आणि पाकीट जपून ठेवा.

हरकत अर्जात ‘कर फार वाढवला आहे, गरीब व्यापारी आहे, सहानुभूतीने विचार व्हावा’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला त्यावर काही करताच येत नाही. असं लिहा: ‘खाते क्रमांक अमुक. नोटिशीत क्षेत्रफळ ४८० चौ. फूट दाखवले आहे. मंजूर नकाशा व भोगवटा पत्रानुसार ते ४०० चौ. फूट आहे. पोटमाळ्याची उंची ४ फूट असून कायम जिना नाही. सबब सदर क्षेत्र वगळून फेरआकारणी व्हावी. सोबत नकाशाची प्रत, फोटो व मोजमापाचा तक्ता.’ एक मुद्दा, एक पुरावा. दुसरी प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक क्रमांकासह शिक्का घ्या.

सुनावणीची तारीख मिळते. ती चुकवू नका, कारण गैरहजेरीत निकाल झाला की पुढे ‘ऐकून घेतलं नाही’ ही तक्रार लंगडी पडते. सुनावणी फार तर दहा मिनिटांची असते, म्हणून कागद क्रमाने लावून न्या. शेजारच्या तशाच गाळ्याला कमी दर लागला असेल तर त्याच्या बिलाची प्रत हा चांगला पुरावा आहे, फक्त तो गाळा खरोखर तसाच हवा: तोच रस्ता, तोच मजला, तेच बांधकाम. लक्ष्मी रोडवरचं दर्शनी दुकान आणि मागच्या बोळातला गाळा यांची तुलना कोणी मान्य करणार नाही.

निकाल पटला नाही तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील, पुण्यात लघुवाद न्यायालयात. त्याला मुदत अवघी १५ दिवसांची आहे. शिवाय दोन अटी: आधी मुदतीत हरकत घेतलेली हवी आणि मागणी केलेली रक्कम पालिकेकडे जमा केलेली हवी. ‘वाद चालू आहे म्हणून भरणार नाही’ हा पवित्रा इथेच कोसळतो. हरकत नोंदवून, ‘हक्क राखून’ असं पत्र देऊन भरणा करणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

दहावा टप्पा: भरणा

वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, कर दोन सहामाह्यांत देय असतो. पूर्ण वर्षाचा कर साधारण ३१ मेपर्यंत एकदम भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते. ती सर्वसाधारण करावर आहे, एकूण बिलावर नाही, त्यामुळे एकूण रकमेचा दहावा हिस्सा वाचेल असं गणित मांडू नका. मुदतवाढ काही वर्षी मिळते, काही वर्षी नाही.

सहामाहीची मुदत उलटली की थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती. वर्षाचे २४ टक्के. बँकेच्या कॅश क्रेडिटपेक्षा हे महाग पडतं, तरी कित्येक व्यापारी खेळतं भांडवल म्हणून आधी पालिकेचेच पैसे थांबवतात. अभय योजना येईल, शास्ती माफ होईल, या आशेवर काही जण बसतात, पण ती आली तरी कोणत्या मिळकतींना लागू होईल हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. दरम्यान जप्तीची नोटीस येते, दुकानाला सील लागतं, आणि पुण्यात तर थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवून वसुली झालेली आहे. गिऱ्हाइकांसमोर ते कसं दिसतं, हे रविवार पेठेतल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको.

आयकरात मिळकत कराची वजावट प्रत्यक्ष भरल्यावर मिळते, नुसती देय झाल्यावर नाही. भाड्याचं उत्पन्न दाखवणाऱ्या मालकाने स्वतः भरलेला करच वजा करता येतो. तेव्हा पावती मालकाच्या नावाची आणि आर्थिक वर्षाच्या तारखेची आहे ना, हे ३१ मार्चच्या आत बघून घ्या.

गाळा विकताना, घेताना किंवा बंद करताना

खरेदीखत झालं म्हणजे पालिकेच्या रजिस्टरात नाव आपोआप बदलतं असं समजू नका. हस्तांतरणाची सूचना दस्त झाल्यापासून तीन महिन्यांत द्यायची असते, आणि ती दिली नाही तर विकणाऱ्यावरची कराची जबाबदारी सुटत नाही. म्हणून ही सूचना विकणाऱ्यानेही द्यावी, घेणाऱ्यावर सोडू नये. थकबाकी शून्य असल्याचा दाखला, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), खरेदीखताची प्रत आणि अर्ज, एवढ्यावर काम होतं.

दोन गाळे मधली भिंत काढून एक केले किंवा एकाचे दोन केले तर खात्यांचं एकत्रीकरण किंवा विभागणी मागा. नाहीतर जुन्या खात्यावर बिल निघत राहतं आणि नव्या मोजणीत तीच जागा दुसऱ्या खात्यावरही चढते. दुबार आकारणी रद्द करून घेणं शक्य आहे, पण त्याला दोन्ही खात्यांचे उतारे, जागेची पाहणी आणि बराच धीर लागतो.

धंदा बंद करून गाळा कुलूप लावून ठेवला असेल तर रिकाम्या जागेची सूचना लगेच लेखी द्या आणि तिची पोच घ्या. सूचना न देता वर्षभराने ‘दुकान बंदच होतं’ म्हणून परतावा मागितला तर मिळत नाही. सोबत वीजबिलं ठेवा, मीटर न फिरल्याचं त्यांतून दिसतं. पुन्हा शटर उघडाल किंवा कोणाला जागा द्याल तेव्हा तेही कळवा.